न मारलेला मार

जगप्रसिद्ध वगदीसाहेब,

पॅरिसच्या टीव्हीला दिलेली तुझी मुलाखत परवा इथे अलेक्झांड्रियात अरबीतून दाखवली. सिनेमा पाहिला म्हणून बाबा पट्ट्यानं फोडून काढायचे, हे सांगताना तुझे डोळे काय सुरेख भरून आले. अरे, लाकडाची वखार लवकर बंद करून तुला-मला सिनेमाला नेणारे बाबाच होते. पण मारकुट्या बापाचा मुलगा परदेशात जास्त खपतो.

बाबांना आता मागचं फारसं आठवत नाही. टीव्हीवरचं मात्र सगळं खरं वाटतं.

"इन्साफ, मी एवढा मारायचो गं त्याला?"

"एक चापट मारली नाहीत कधी."

"तू लहान होतीस. तो कशाला खोटं बोलेल?"

तेव्हापासून जेवता जेवता रडतात. मरायच्या आधी तुझे पाय धरून माफी मागायची, म्हणतात. पण मी तुला बोलावणार नाही. तू येशील, त्यांना उठवून छातीशी धरशील आणि मोठ्या मनानं माफही करशील. तेवढा नट तू आहेसच.

हे पत्रही टाकत नाही. पुढच्या मुलाखतीत वाचून दाखवशील.

तुझ्या गोष्टीत जिला जागा मिळाली नाही ती बहीण,
इन्साफ