बुसानवालीचं माहेर

सांग्जू, २० ऑक्टोबर २०१९

ताई,

सगळ्यांत आधी कोण आलं असेल सांग? नवऱ्यामुलाची आजी! एक्क्याऐंशीची म्हातारी. लेक गाडी लावतोय तोवर ही काठी टेकत, काखेत डबा घेऊन थेट माझ्या स्वयंपाकघरात. तुझे गुडघे कसे आहेत? हे आधी विचारायचं होतं, पण हात पुढे पळाला. हो गं, मीच लिहितेय. गावातल्या म्हाताऱ्यांच्या वर्गात दोन हिवाळे गिरवलं. तुला वाचता येत नसेल तर सुनेकडून वाचून घे. नको, तिच्याकडून नको.

तर माझी नात सुल्गी. तिचं मोक्पोच्या मुलाशी जमतंय, म्हणून काल ही मंडळी बोलणी करायला आली. आमच्या ह्यांच्या बैठकीत जनरल पार्क चुंग-हींचा फोटो आहे, रोज पुसतात. मोक्पोकडे कुणाचा फोटो असतो ते तुला मी काय सांगू!

डबा उघडला नि घरभर वास! आंबवलेली पाकट मासळी. सुल्गीनं नाक धरलं, हे खोकायला लागले.

"पाकट नाही तर आमच्यात लग्नाची बोलणी नाहीत," म्हातारी म्हणाली. दुसऱ्या घासाला दोघांची जुंपली.

"पार्कसाहेबांनी सेऊल ते बुसान रस्ता केला," हे म्हणाले. "गवताची छपरं उतरवून कौलं घातली. आम्ही झाडाच्या साली उकडून खायचो, बाई! तुमच्या तिकडच्या किम दे-जुंगनं काय केलं? भाषणं!"

"तुरुंगातून कसली भाषणं, व्याहीबुवा? तुमचा माणूस फौज घेऊन आला नि अठरा वर्षं खुर्चीवरून हलला नाही. आमच्याला पळवून नेला, नंतरच्यांनी फाशी सुनावली. तरी राष्ट्राध्यक्ष झाल्यावर तुमच्या साहेबांच्या स्मारकालासुद्धा हो म्हणाला."

"आणि उत्तरेच्या गळ्यात गळा घातला!"

"घातला. तोफांपेक्षा बरा."

ह्यांनी जेवणाच्या काड्या आपटल्या. "ह्या घरात तिकडची सोयरीक नको!"

सुल्गी रडायला लागली. मुलाचे वडील बूट घालायला उठले.

म्हातारी मात्र माझ्याकडे बघत होती. भांडणाच्या नादात मी पाच तुकडे संपवले होते, डुकराचं मांस नि जुनी किमची लावून. "विहीणबाई, तुम्हाला बुसानवाली म्हणतात ना? बुसानची बाई पाकट अशी नाही खात."

तुला ठाऊक आहे, सुनेला माहेरच्या गावावरून हाक मारतात. मी बुसानच्या बुटांच्या कारखान्यातून आलेली, नि मोक्पोकडची सून म्हणवत नाही म्हणून सासूनं तेच माहेर ठरवून टाकलं. एक्कावन्न वर्षं त्या नावाला ओ देतेय. ती नि हे सोडून कुणाला माहीत नाही, माझ्या पोरांनाही नाही. सत्त्याण्णवला किमना मत दिलं नि ह्यांना खोटं सांगितलं.

आणि तू आली होतीस. एकाहत्तर साली, त्या दोघांच्याच निवडणुकीच्या दिवसांत, पाठीला बाळ बांधून. दारात शेजारणी बसलेल्या. मी म्हटलं, "ही कारखान्यातली मैत्रीण." तू पाणीसुद्धा न घेता गेलीस. मग आई गेल्याचं मला कुणी कळवलंच नाही. कशाला कळवतील?

काल मी म्हटलं, "माझं माहेर मुआन, तुमच्या मोक्पोला लागून." मग ह्यांच्याकडे वळले, "अहो, तुमच्या साहेबांच्या राज्यात कारखान्यात पोट भरलं, नाही म्हणत नाही. पण त्यांच्या रस्त्यानं मी एकदा तरी माहेरी गेले का? ह्या पोरीला तरी आपलं सासर कुठलं ते उघड सांगू दे."

हे उठून अंगणात गेले. मला वाटलं, मोडलं लग्न. बऱ्याच वेळानं बाहेरून ओरडले, "मुआनवाली! पाहुण्यांना भात वाढ की, का उपाशी धाडतेस?"

मी रडतच बसले. भात म्हातारीनं वाढला.

फोटो आहे तिथंच आहे हं. राहू दे. म्हातारी जाताना त्याला म्हणाली, "येते हो, जनरल," नि हे चक्क हसले.

आज सगळे गेले, हेही बाहेर. दिवसभर मी नि टीव्ही. मनातल्या मनात मी तुझ्याशी खूप बोलते, ताई. कपडे वाळत घालताना, मुळे चिरताना. तू कधी रागावतसुद्धा नाहीस, मग मलाच कसंसं होतं. समोर येऊन रागाव.

मोक्पोहून निघालं की मुआन वाटेतच लागतं, गाडीत एक जागा रिकामी आहे, असं म्हातारी म्हणाली. मुआनहून माझी कोण येणार ते मी शेजारणींना आजच सांगून आलेय. लग्नाचा दिवस धरायला ते सगळे चोवीस नोव्हेंबरला, रविवारी, परत येणार आहेत.

तुझी सख्खी बहीण,
बुनरे