समोरच्या दारची रांगोळी

आत्याबाई, काल नगरपालिकेची दोन पोरं आपल्या गल्लीत येऊन पार मोजून गेली. गाव सुंदर करायचं आहे म्हणे. पाराला गुळगुळीत फरशी लावणार, वर रंगीत दिवा बसवणार. त्यातल्या एकानं विचारलं, "आजी, हा पार कोनी बांधला?" मी तुमचं नाव घेऊन म्हटलं, माझ्या सासूनं. त्यानं वहीत 'जुना पार' एवढंच लिहिलं आणि वही मिटली. मला राग आला. माझा राग तुम्हाला ठाऊक आहे, तो अजून नाकाच्या शेंड्यावरच असतो, वयानं जरासुद्धा खाली उतरलेला नाही. दुपारभर चडफडले आणि मग कागद घेऊन बसले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्याशी बोलायला लाज वाटत नाही.

मी अमरावतीहून लग्न होऊन मेहकरात आले तेव्हा आपण मध्यप्रांताच्या सरकारात होतो. कमिटीचे, म्हणजे तेव्हाच्या नगरपालिकेचे, कागद नागपूरला जात आणि बहुतेक तिकडेच मुक्काम करत. गल्लीच्या मधून नाली वाहायची. वाहायची म्हणजे पावसाळ्यात. एरवी ती नुसती असायची. बाया सकाळी आपापला ओटा, आपापलं अंगण असं काही लख्ख झाडायच्या की बघत राहावं, आणि सगळा केर लोटायच्या रस्त्याच्या मध्यावर. मीही तेच करत होते. चौथ्या-पाचव्या दिवशी तुम्ही मागून येऊन उभ्या राहिलात आणि म्हणालात, "सूनबाई, केर कोनासाठी ठेवून राह्यली तिथं?" मी म्हटलं, रस्ता कमिटीचा आहे. "कमिटीचा म्हंजे कोनाचा?"  तुम्ही माझ्या हातून खराटा घेतला, आपली हद्द ओलांडली आणि शेजारच्या दारापर्यंत रस्ता झाडून काढलात. सासरे शाळामास्तर होते म्हणून गल्ली तुम्हाला मास्तरीणबाई म्हणायची. मास्तरांची विधवा रस्ता झाडते, याचं गल्लीला आधी हसू आलं, मग वाईट वाटलं, आणि मग महिनाभरानं नालीच्या पलीकडची सोनारीण आपला खराटा घेऊन बाहेर आली. "एकट्या काऊन झाडून राह्यल्या? आमचे हात का मोडले?" अशी चढ्या आवाजातच विचारत आली.

तुमची पद्धत साधी होती. कुणाला उपदेश करायचा नाही, कुणाची वाट पाहायची नाही. नाली उपसायला तुम्ही स्वतः घमेलं घेऊन बसायच्या आणि जाणाऱ्या-येणाऱ्या पुरुषाला सहज म्हणायच्या, "जरा हे उचलून देता का?" माणूस उचलून द्यायचा आणि दुपारपर्यंत सुटायचा नाही. ह्यांनासुद्धा कचेरीत जाताना तुम्ही दोनदा असं पकडलंत. कोट काढून नालीत उतरलेला कारकून तहसीलदारानं पाहिला आणि त्या दिवसापासून कचेरीत ह्यांना सगळे नालीसाहेब म्हणायला लागले. ते चिडायचे. तुम्ही म्हणायच्या, "साहेब तं म्हनतात ना."

रांगोळीचं त्यानंतर निघालं. आठवडी बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यांची माणसं आपल्या गल्लीतून वर चढायची. त्या दिवशी प्रत्येक दारात सडा आणि रांगोळी पाहिजे, आणि एका दाराची वेल दुसऱ्या दाराला जोडलेली पाहिजे, असं तुमच्या मनात आलं. तुमचा हात रांगोळीत किती चालायचा हे मी मागच्या अंगणात एकदा चोरून पाहिलंय. पण कपाळ मोकळं असलेल्या बाईनं दुसऱ्याच्या दारात रांगोळी घातलेली लोकांना चालणार नव्हती.  तुम्ही मला शेजारी बसवून वेल शिकवलीत आणि माझ्या हातानं गल्लीभर काढलीत. मी दोन बोटांच्या चिमटीतून पीठ सोडत पुढे सरकायची, तुम्ही नालीच्या काठानं चालत म्हणायच्या, "वाकडी होऊन राह्यली. वळव तिले." मला कुणी इतक्या मायेनं चुका दाखवल्या नाहीत, ना आधी, ना नंतर.

समोरच्या काकूंच्या दारी सडाही मीच टाकायची. त्यांची बोटं वातानं वाकडी झाली होती, घरात सून नव्हती. त्यांचे यजमान, आपण ज्यांना आबा म्हणायचो, ते तुमच्या सगळ्या बेतातला एकच खडा. गल्लीच्या तोंडाशी त्यांची मोकळी जागा होती आणि त्या जागेवर त्यांचा उकिरडा. तुम्हाला तिथे पार हवा होता. दमलेल्या माणसाला बसायला, बायांना डोक्यावरची टोपली टेकवायला. तुम्ही तीनदा विचारलंत आणि तिन्ही वेळा ते म्हणाले, "उकिरडा म्हंजे खत हाये माह्यं. वावरात काय तुमची रांगोळी टाकू?" तुम्हीही हसायच्या. पण दारं झाली, नाली झाली, आणि येणाऱ्या माणसाला पहिला भेटतो तो उकिरडाच, हे तुम्हाला खुपायचं.

आणि काकूंची जीभ. लग्नाला चार वर्षं झाली होती, मला मूल नव्हतं. बाजाराच्या आदल्या दिवशी विहिरीवर सात-आठ बायांसमोर त्या मला म्हणाल्या, "दारादारापुढं फुलं काढून राह्यली बाई तू. घरात फूल कधी येनार हाये?" बाया हसल्या. काहीजणी खाली बघत हसल्या, ते जास्त लागलं. मी घागर उचलून घरी आले आणि तुम्हाला काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गल्लीतल्या सगळ्या दारांत सडा टाकला, रांगोळी काढली. काकूंचं दार सोडलं. सडा नाही, रांगोळी नाही, वेल शेजारच्या दाराशी आणून तोडली आणि पलीकडच्या दारापासून पुन्हा सुरू केली. सडा-रांगोळीवाचून दार कधी राहतं हे मला माहीत होतं. घरात माणूस गेलं की. लहान पोरालाही कळतं ते. तुम्ही त्या दिवशी पहाटेच देवळाकडे गेला होता, परतलात तोवर गल्लीत बाजाराची गर्दी होती, पायांखाली अर्धी रांगोळी पुसली होती. आबा दोन दिवस तापानं आत पडून होते, त्यामुळे ओट्यावर त्यांची रोजची बैठकही रिकामी. काकूंच्या माहेरचा एक गडी बैल बघायला बाजारात आला होता. त्यानं ते दार पाहिलं, रिकामा ओटा पाहिला, कुणाला काही विचारलं नाही आणि तीन कोस परत जाऊन सांगितलं की आबा गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी गल्लीच्या तोंडाशी दोन बैलबंड्या येऊन थांबल्या. बाया तिथूनच रडत निघाल्या. पुरुषमंडळी रीतीप्रमाणे बाहेर थांबली, आणि बाहेर म्हणजे कुठे, तर उकिरड्याच्या कडेला, नाकाला उपरणी लावून. मी दारात उभी आहे. आबांचा ताप उतरलेला, ते ओट्यावर बसून बशीतून चहा पिताहेत. रडणाऱ्या बाया समोर येतात, त्यांना पाहतात आणि गप्प होतात. एक म्हातारी तेवढी डोळे मिटून रडत आलेली, ती आणखी थोडा वेळ रडत राहते.

"कोन मेलं?" आबांनी विचारलं.

काकूंचा भाऊ पुढे आला.  "तुमीच," तो म्हणाला. "दारात सडा नाही, रांगोळी नाही. आमाले वाटलं..."

कुणीतरी हसलं असतं तर बरं झालं असतं. काकू उंबऱ्यातून बाहेर आल्या आणि सरळ माझ्याकडे बोट केलं. ते वाकडं बोट मला अजून दिसतं. "हिनं मुद्दाम केलं. माह्यं कुकू पुसाले निंगाली हे." सगळी गल्ली, माहेरची माणसं, उकिरड्यावरचे पुरुष, सगळे माझ्याकडे बघायला लागले. हे कचेरीत होते. आणि मुद्दाम केलं हे खरं होतं.

तुम्ही मधे येऊन उभ्या राहिलात. "तिनं नाही," तुम्ही म्हणालात. "रांगोळी सरली होती. म्याच म्हनलं, तुह्या दारची सांजच्याले काढू. मंग मीच इसरली." काकूंना ते पटेना. तेव्हा तुम्ही डोक्यावरचा पदर थोडा मागे सारलात, त्यांना तुमचं कपाळ नीट दिसेल इतका, आणि म्हणालात, "माह्यं तं पुसलेलं हाये. दुसरीचं पुसाव, असं माह्या घरात कोनाच्या मनात येईन का?" आणि भर रस्त्यात वाकून त्यांच्या पायाला हात लावलात. वयानं तुम्ही मोठ्या होता. काकू रडायला लागल्या. आबांनी बशी खाली ठेवली आणि मेव्हण्याला म्हणाले की आलाच आहात तर जेवून जा, खोटी खबर आली का आयुष्य वाढते. मग गल्लीतल्या बायांनी घराघरांतून भाकरी आणल्या.

घरात आल्यावर मी चुलीपाशी बसले. तुम्ही फळीवरचा रांगोळीचा डबा काढलात, उघडून पाहिलात. तो अर्ध्याहून जास्त भरलेला होता. झाकण लावून परत ठेवलात. मला वाटलं आता बोलाल, मारालसुद्धा. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. तुम्ही म्हणालात, "विहिरीवरचं मले सोनारनीनं सांगतलं." आणि मग भाकरी थापता थापता, "मी हाये तवर तिले सांगू नको, माह्यं तोंड खोटं पडन. मी गेल्यावर मातर सांग. ते मनात ठेवून नको जगू. सांगशीन?" मी हो म्हटलं. त्यानंतर तुम्ही त्या गोष्टीचा कधी उच्चार केला नाहीत.

आठवड्यानं आबा स्वतः तुमच्याकडे, आपल्या घरच्या ओट्यावर आले. "मास्तरीनबाई, घ्या थे जागा," म्हणाले. "मी मेल्यावर लोकं कुठी उभे राहतीन ते मले जितेपनी दिसलं." उकिरडा त्यांच्याच बंड्यांनी वावरात गेला. तुम्ही पैनगंगेतून दगड आणवलेत, येणाऱ्या-जाणाऱ्याकडून उचलून घेण्याची तुमची जुनी युक्ती पुन्हा चालली, आणि उन्हाळ्याच्या आत पार उभा राहिला. निंबाचं रोप काकूंनी लावलं. गल्लीतले लोक त्याला आबांचा पार म्हणू लागले, याचं मला वाईट वाटायचं. तुम्हाला नाही. तुम्ही संध्याकाळी तिथे टेकायच्या आणि अनोळखी माणसाला सरकून जागा द्यायच्या, आणि तुमच्या तोंडावर असं समाधान असायचं की जणू तो घरचाच पाहुणा आहे.

काकू त्या दिवसानंतर बदलल्या. विहिरीवरचं बोलणं त्यांच्या लक्षात होतं, आणि आपण निष्पाप पोरीवर आळ घेतला असं त्यांना वाटत होतं. तेच मला सगळ्यात जड जायचं. माझी मोठी मुलगी झाली तेव्हा वाकड्या बोटांनी रोज तेल लावायला आल्या. धाकटा तर त्यांच्याच मांडीवर वाढला. तुम्ही गेलात तेव्हा गल्लीतल्या एकाही दारात तेरा दिवस सडा पडला नाही, आपल्या घरचं सुतक साऱ्या गल्लीनं पाळलं. चौदाव्या दिवशी काकू माझ्याकडे डबा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "आज माह्या दारापासून काढ, पोरी." मी त्यांच्या पायरीशी बसले. सांगायची वेळ तीच होती. त्या माझ्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या. मी वेल काढली आणि उठले.

त्यानंतर त्या नऊ वर्षं जगल्या, आत्याबाई. रोज पारावर शेजारी बसायचो आम्ही. मी कितीदा सुरुवात केली आणि भाजीच्या गोष्टीवर नेऊन सोडली. त्या मला लेक म्हणायच्या, आणि मला ते ऐकायचं होतं. तुमच्या सांगण्यातलं मी बाकी सगळं केलं, गल्ली झाडली, नाली उपसली, सुनेला वेल शिकवली; हे एक केलं नाही. त्या गेल्या त्या दिवशी मी त्यांच्या उशाशी बसून पोटच्या लेकीसारखी रडले, लोकांना मला आवरावं लागलं. पण रडता रडता मला सुटल्यासारखंही वाटलं, आता जिला सांगायचं तीच उरली नाही म्हणून. तेवढं तुम्हाला सांगायचं राहिलं होतं.