धर्मीबाय, पर्याय क

६ जानेवारी
माझा मोबाईलवरचा सिनेमाच्या गाण्यांचा क्विझ पुन्हा आपटला. आपटणारच. "पहिल्या ओळीनंतर कोणती ओळ येते?" हे काय विचारणं झालं? शेंबडं पोरही सांगेल. आणि हे क्विझ गल्लोगल्ली झालेत, माझा कोण बघतो?
चांगला क्विझ चुकीच्या पर्यायांवर उभा असतो. सगळ्या ओळी सारख्या लांबीच्या हव्यात. मुख्य म्हणजे खोटी ओळसुद्धा चालीत बसली पाहिजे. मी प्रत्येक खोटी ओळ गाऊन बघते. संदीप (इथून पुढे सं., नवऱ्यावर किती शाई घालवायची) म्हणतो, चंदनसारमध्ये एकच बाई अशी आहे जी भाजी फोडणीला टाकताना खोटी गाणी म्हणते.
कल्पना सुचलीय. आपले धवले! लग्नातली, मांडवातली गाणी. ती कुणीच क्विझमध्ये घातलेली नाहीत. आत्या आहे तोवर करायला हवं.

११ जाने.
गासला माहेरी जाऊन आले. आत्या अंगणात वाल सोलत होती. बाबांची मोठी बहीण, आमच्या पंचक्रोशीतली शेवटची धवलारीण. एके काळी हिच्याशिवाय मांडवाला खांब लागत नसे. आता चहात दोनदा साखर घालते आणि गोड झाला म्हणून वहिनीवर चिडते.
गाणी मात्र शाबूत. मांडवात मेलेल्या माणसांना बोलावतात तो धवला तिने म्हटला, मी फोनवर रेकॉर्ड केला.
ये गो काशीबाय, खाडी उतरून,
भावाचे मांडवान बस पाट धरून.
मग तशीच हिराबाय, मिठागर तुडवून. दोघी आजोबांच्या बहिणी. गाण्यात जिचं नाव येतं तिच्या नावाचे तांदूळ पानावर ठेवतात. नाव राहिलं तर ती रुसते आणि मुंडावळ्या सुटतात म्हणे.
दादाला आवडलं नाही. "वैशे, घरातली नावं चव्हाट्यावर कशाला?"
मी म्हटलं, "मेलेल्या काशीबायच्या नावाने आता काय वीजबिल येणार आहे?"
आत्या हसली नाही. म्हणाली, "मेलेल्यांना मांडवान बोलवतान गो. मोबाईलान नाय."

१४ जाने.
तिळगूळ राहिला बाजूला, दिवसभर पर्याय. "आजोबांच्या बहिणींपैकी दुसरं बोलावणं कोणत्या ओळीत?" उत्तर हिराबाय. काशीबाय हा एक चुकीचा पर्याय आयताच मिळाला. अजून एक पाहिजे होता, आणि तो असा की जाणकारही घसरला पाहिजे. गुणगुणत होते, तोंडात आली: धर्मीबाय.
ये गो धर्मीबाय, चिंचोटी सोडून.
वा! चपखल. अक्षरंही बरोबर, नावही जुनं, गावही जवळचं. सं. ला तिन्ही ओळी म्हणून दाखवल्या. त्याने खोटी म्हणून काशीबाय निवडली. स्वतःवर खूश आहे मी आज.

१८ जाने.
टाकला. धो धो चाललाय! अर्नाळा, आगाशी, उरणपासून लोक खेळतायत. बायका खाली आपापल्या घरच्या ओळी लिहितायत. रडूच आलं थोडं.
एक घोळ झाला. कुणीतरी कुरकुरलं की उत्तर कायम ब असतं, म्हणून पर्यायांची जागा हाताने बदलली. हिराबाय अ वर गेली, धर्मीबाय क वर, आणि बरोबरची खूण करताना माझं बोट क वर पडलं. सकाळपासून दुपारपर्यंत धर्मीबाय निवडणाऱ्याला हिरवी खूण आणि टाळ्या! सं. ने दाखवलं तेव्हा कळलं. दुरुस्त केलं. खाली एकीने लिहिलं होतं, "मला माहीतच होतं धर्मीबाय!!" काय माहीत होतं ग बाई तुला. पोट धरून हसलो.

२७ जाने.
एकजण रोज खेळतोय. फोटो नाही, नावाच्या जागी नुसतं 'चिंचोटीकर'. त्याचा प्रश्न: "ताई, हा धवला कोणत्या घराचा?"
मी उत्तर दिलं. घराचं नाव, गाव, खाडीकडचं शेत, सगळं. वर बदामाचं चित्र.
मग: "धर्मीबायचं पुढचं कडवं आहे का?"
मी लिहिलं, "लवकरच!" बाजाराला निघायचं होतं, घाईत होते.

१० फेब्रुवारी
वहिनीचा फोन. आत्याला क्विझचं वेड लागलंय. रोज दुपारी वहिनीचा फोन घेऊन बसते, बरोबर आलं की टाळ्या वाजतात ते तिला आवडतं. डॉक्टर म्हणाले होते, डोक्याला काम द्या. बघा, दादा बोंबलत होता, आणि शेवटी माझाच क्विझ आत्याच्या औषधाला आला.
वहिनीने जाता जाता सांगितलं की बांधावर पांढरी गाडी येऊन थांबते. माणसं उतरतात, शेताकडे बघतात आणि जातात. बघू देत म्हटलं, बघायला काय पडतंय.

२१ फेब्रु.
दादाचा फोन. आवाज असा की मी गॅस बंद करून खाली बसले.
तलाठ्याकडून नोटीस आलीय. खाडीकडच्या शेतावर वारस म्हणून नाव लावा, असा कुणाचा तरी अर्ज आहे. म्हणे पणजोबांना तिसरी मुलगी होती, चिंचोटीला दिलेली, तिचं नाव सातबाऱ्यावर लावायचं राहिलं. अर्जदार तिचा नातू.
"नाव काय तिचं?" मी विचारलं. का विचारलं? मला माहीत होतं.
"धर्मीबाय. कोण गो ही? तू आत्याची गाणी केलीस ना, त्यात कधी ऐकलीस?"
मी म्हटलं बघते. फोन ठेवला. 

२२ फेब्रु.
सं. हसला आधी. "अगं मग सांग ना, मी बनवली म्हणून. विषय संपला."
त्याला सोपं आहे. शेजारच्या दोन वाड्या अशाच गेल्या, आधी एक लांबचा वारस उगवतो, मग त्याच्यामागून बिल्डरचा माणूस येतो. दादाचं सगळं त्या शेतावर आहे. काशीबाय आणि हिराबायने हक्क सोडलाय, त्याचे कागद आहेत. धर्मीबायने कसा सोडावा? ती नव्हतीच!
क्विझ काढून टाकला. पण लोकांनी टाळ्यांचे फोटो काढून ठेवलेत, हिरव्या खुणेसकट. तलाठ्याकडे जाऊन अर्ज बघितला, चिंचोटीकराने त्यातलाच एक जोडलाय.

२५ फेब्रु.
गासला गेले. दादाला सगळं सांगितलं. वाटलं होतं ओरडेल. नुसता ओटीवर बसून राहिला, पायाने माती सारत. मग म्हणाला, "ठीक आहे. आत्याला विचारू. आत्या बोलली नाय तर नाय." एक साक्षीदार आहे म्हणजे. बरं वाटलं.
आत्या झोपाळ्यावर होती. दादाने विचारलं, "आत्या, आजोबाला बहिणी किती?"
"तीन."
"कोन कोन?"
"काशी, हिरा, धर्मी."
दादाने माझ्याकडे बघितलं. देवाशपथ, असं त्याने आजवर माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं.
मी खाली बसले, तिचे हात धरले. "आत्या, धर्मी मी बनवली. मोबाईलमधली. ती खरी नाही."
"येडी हायेस का? गोरी व्हती. नाकान मोरनी व्हती तिचे. मना कडेवर घेऊन खाडीवर न्यायची." मग माझ्याच कानाशी येऊन हळूच म्हणाली, "बरोबर ना? वाजव टाळ्या."
मी बाहेर येऊन रडले. वहिनी पाठीवरून हात फिरवत होती, तिलाही रडू येत होतं. ती म्हणत राहिली की मीच फोन द्यायची रोज.

५ मार्च
चिंचोटीकर घरी आला. मी होते, सुदैव की दुर्दैव. वाटलं होतं कुणी टग्या असेल. पन्नाशीचा साधा माणूस, हातात नारळ आणि केळ्यांचा घड. आत्याच्या पाया पडला. आत्याने त्याचा चेहरा चाचपला, "धर्मीचा दिसतंस" म्हणाली आणि तिसरं कडवं गायला लागली. सोबतच्या पोरसवदा माणसाने फोन वर धरला होता. दादाने तो खाली करायला लावला, पण तोवर व्हायचं ते झालं होतं.
मी त्याला बाजूला घेतलं. "भाऊ, ते नाव मी मनाने घातलं. माझ्या पोरांची शपथ."
तो रागावला नाही. म्हणाला, "ताई, माझ्या आजीचं नाव धर्मीच. बाळंतपणात गेली. तिचं माहेर आमच्याकडे कुणालाच माहीत नव्हतं, खाडीकडून आणलेली एवढंच म्हणायचे. घरात तिचा फोटोसुद्धा नाही. तुमच्यामुळे सापडली ती."
डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. खरं पाणी. 
"मग जमीन कशाला?" दादाने विचारलं.
तेव्हा मात्र त्याने मान खाली घातली. "मला नको होती. साहेब म्हणाले, हक्क आहे तर सोडू नका." पांढरी गाडी कोपऱ्यावर उभी होती, इंजिन चालू ठेवून.

६ मार्च
११ जानेवारीचं रेकॉर्डिंग काढून ऐकलं. त्यावर सगळं ठरणार. क्विझच्या आधीचं आहे, आत्याची गाणी तेव्हा शाबूत होती. त्यात दोनच बहिणी असल्या की संपलं.
काशीबाय आहे. हिराबाय आहे. मग आत्या श्वास घेते. "ये गो" एवढंच म्हणते.
आणि माझा आवाज: "बास आत्या, दोन पुरे. जास्त झाल्या की क्विझ लांबतो."
मग कुकरची शिट्टी, आणि बंद.
पुन्हा ऐकलं. सं. ला ऐकवलं. तो म्हणाला, ती पुढे काहीही म्हणणार असेल, बापाचं नाव, आजोबाचं. असेलही. पण मला ते नाव सुचलं कुठून? चिंचोटीच का? आठवतच नाही. विचार करून काढलं नव्हतं, नुसतं तोंडात आलं. लहानपणी कुठल्यातरी मांडवात, आत्याच्या मांडीवर पेंगत असताना…
नाही. मी बनवलं. मीच बनवलं.

७ मार्च
दादाला रेकॉर्डिंगचं सांगितलं. म्हणाला, "ते कुणाला ऐकवू नको. तू फक्त सांग, मी बनवलं." म्हटलं, हो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की आता मी हो म्हणताना अडखळते.

१५ मार्च
सुनावणी सोमवारी, तहसीलला. त्याच्या आदल्या दिवशी आमच्या सायलीची, दादाच्या थोरलीची हळद, लग्न सोमवारी संध्याकाळी. तारीख हिवाळ्यातच धरली होती, आता पुढे ढकलणार कशी? वहिनी म्हणते, आधी मांडव, मग कोर्टकचेरी. तहसीलला जाताना कपडे कोणते घालायचे याचा विचार करतेय मी, काय पण बाई.
दादाने वहिनीला बजावलंय की आत्याला धवला म्हणू द्यायचा नाही. वहिनीने तोंडावर पदर धरला. धवलारीण घरात असताना मुका मांडव? सायलीचं काही बरंवाईट झालं तर कुणाच्या डोक्यावर?
 मग दादा मला म्हणाला, दोनच नावं. तिने दोनच घ्यायची. तू तिच्याजवळ बस.

रविवार
मांडव घातला सकाळीच. आंब्याचे टहाळे, उंबराची फांदी, सगळं रीतीनं. आत्याला हिरवं लुगडं नेसवलं. मी तिच्या शेजारी, हात तिच्या गुडघ्यावर. समोर पाट, पाटावर केळीचं पान. आळीतल्या सगळ्या बायका दाटीवाटीने बसलेल्या.
चिंचोटीकरही आला होता. कुणी बोलावलं ठाऊक नाही. मांडवाच्या बाहेर, चपला काढून, हात जोडून उभा.
आत्याने सुरू केलं. काशीबाय. वहिनीने चिमूटभर तांदूळ ठेवले. हिराबाय. तांदूळ. मी आत्याचा गुडघा दाबला. तिला कळलं, खरंच कळलं. ती थांबली, माझ्याकडे बघून तोंड मिटून घेतलं लेकरासारखं. संपलं. दादाने श्वास सोडलेला मी पाहिला.
आणि बायकांनी उचललं. साऱ्या जणींनी, एका सुरात. कुणी शिकवलं नव्हतं, सगळ्यांनी क्विझमध्ये खेळून पाठ केलेलं.
ये गो धर्मीबाय, चिंचोटी सोडून,
भावाचे मांडवान बस पाट धरून.
वहिनीचा हात आपोआप पुढे गेला. तिसरी चिमूट पानावर पडली. बाहेर तो माणूस रडत होता, मोठ्याने.
दादा बायकांकडे बघत नव्हता, त्याच्याकडेही नाही. माझ्या तोंडाकडे बघत होता. तेव्हा मला कळलं की मीही गातेय.
पान अजून मांडवात आहे. तीन चिमटी. विधीचे तांदूळ उद्यापर्यंत हलवायचे नसतात, म्हणून वहिनीने वर टोपली झाकलीय. सायली हळदीत छान दिसत होती. उद्या अकराला मला तहसीलदारांसमोर सांगायचंय की धर्मीबाय नव्हती.