उपाशी शिपाई आणि वेताताईची मेणबत्ती

मी, इलारी बुझदुगान, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून निवृत्त, राहणार वाल्या प्लोपी, या मृत्युपत्रात असे लिहून ठेवतो की माझी बुद्धी ठिकाणावर आहे. मन नाही, ते शाळेपासूनच नव्हतं. दोन ओळी झाल्या की उठतो, रस्त्यावर बर्फ धरलाय का ते खिडकीतून बघतो, परत बसतो. अक्षर तुटक आहे ते त्यामुळे.

१. राहते घर व परसातली आलुबुखाऱ्याची झाडे थोरली बहीण वेतुरिया, आमची वेताताई, हिला. घर तिनेच चालवलं, मी नुसती ऊब घेतली.

२. शरीराविषयी. माझ्या स्वादुपिंडात गाठ आहे, यकृतात तिची पिलावळ. क्लुज शहरातल्या प्रयोगशाळेतली डॉक्टर स्मारांदा मला म्हणाली, "आजोबा, शरीराचे शिपाई, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी, गाठीपर्यंत पोचतात हो. पण लढायला साखर लागते, आणि तिथली साखर गाठच ओरपते. काही शिपाई तर फितूर होऊन तिच्याच पंगतीला बसतात." जन्मभर साखरेच्या बिटाच्या गाड्या तोलल्या, आणि माझेच शिपाई उपाशी. कोणती पेशी किती साखर खाते हे तिला मोजायचं आहे. त्यासाठी दोन्ही ठिकाणचे तुकडे ताजे हवेत. माणसामागे या पेशी फार तग धरत नाहीत. म्हणून प्राण जाताच मला क्लुजला न्यावे व काम होताच घरी आणावे.

३. यावरून ताईशी भांडण झालं, ते लपवत नाही.

"तीन रात्री तुझ्याजवळ जागायचं सोडून तुला बाटलीत भरू?"

"बाटलीत तुकडे गं. बाकीचा मी तीन रात्री तुझाच."

"कापण्याचं काही वाटत नाही मला. मेलेल्याला एकटं सोडत नाहीत, इलारी. माझा तानासे इस्पितळात एकटा गेला, खिळे ठोकलेल्या पेटीत घरी आला. जाताना त्याच्या हातात मेणबत्ती कुणी दिली?"

तानासे म्हणजे तिचा नवरा. तेव्हापासून ती माझ्यापुढे सूप आदळते आणि मी ते गार करतो.

४. कुंपणालगतच्या जमिनीच्या ज्या पट्टीपायी शेजारी ग्लिगोरशी बोलणं टाकलं, ती पट्टी त्यालाच. अट ही की कडाक्याच्या थंडीत सुरू होणारी गावातली एकुलती गाडी त्याची आहे, तिच्यातून त्याने मला क्लुजला न्यावे. परवा कुंपणावरून विचारलं.

"जिवंतपणी माझ्या गाडीत बसला नाहीस, आता मेल्यावर बसतोस होय रे म्हाताऱ्या?" मग म्हणाला, "बर्फाचे टायर चढवून ठेवतो."

पट्टीपलीकडे त्याने वीतभरही सरकू नये.

५. चौथीचं कवितांचं पुस्तक स्मारांदाला. त्यात वेढ्याची कविता आहे: गडावर धान्य संपलंय, शिपाई तटावर उभे आहेत. बाईंनी ती आमच्याकडून उभ्याने म्हणवून घेतली होती. शेवटचं पान फाटलंय आणि मला ते कडवं कधीच आठवत नाही. शिपायांचं काय झालं ते कळलं तर तिने माझ्या थडग्यापाशी येऊन सांगावं.

६. गाडीत पुढची, हीटरजवळची जागा ताईची. प्रयोगशाळेच्या दाराबाहेर तिला खुर्ची मिळेल व मेणबत्ती लावता येईल. स्मारांदाने कबूल केलंय: "आत नको, आजी. दाराशी खुशाल लावा." माझ्या नावाच्या कोलिवाचं, मयतानंतर वाटतात त्या गोड गव्हाचं, एक ताट तिथल्या लोकांनाही पोचवावं. साखर सढळ हाताने.

७. ताईने खाली सही केली नाही तर कलम दोन रद्द समजावे. तिचं मन मोडून मला जायचं नाही. पण ती पेन शोधायला गेलीय, अजून आलेली नाही, आणि मी पुन्हा खिडकीशी आहे.

वाल्या प्लोपी, १४ जानेवारी २०२३.
सही: इलारी बुझदुगान

साक्षीदार: पाद्री योव आणि टपालवाली लुक्रेत्सिया सावू.

संमती: वेतुरिया. पुढच्या जागेवर बसणार नाही. मी मागे बसेन, त्याच्याजवळ.