गुंजीला नेण्यापूर्वी

अमडापूर, ता. चिखली
दिनांक १२ जानेवारी १९६४

श्रीयुत रंगराव यांस त्यांच्या भाऊजींचा, म्हणजे वामनरावाचा, नमस्कार पोचावा.

आपण, सौ. शालूबाई आणि गोठ्यातील मंडळी (आपल्या पत्रात म्हशीची खुशाली माणसांच्या आधी असते, म्हणून मीही तिला वगळत नाही) सुखरूप असाल अशी आशा करतो. आपल्या गुडघ्याला तिळाच्या तेलाने उतार पडला किंवा कसे, ते कळवावे. माझी प्रकृती उत्तम आहे. ती तशी नसल्याचे आपण वडनेर भोलजीस बसून ज्या गृहस्थाकडून ऐकले, तो मला भेटला त्या दिवशी माझी दाढी व्हायची होती, एवढेच.

माघ वद्य पंचमीस, आपल्या अक्काच्या वर्षश्राद्धाला, आपण येणार आणि परतताना तिच्या कुत्रीस, गुंजीस, कायमची घेऊन जाणार, हे आपल्या पत्रावरून समजले. गेल्या वर्षी दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना, तेव्हा आपण तसे वचन दिले होते, हे मला मान्य आहे. त्यानंतर अकरा महिने कापसाची वेचणी, विहिरीचे बांधकाम आणि पुतणीचे लग्न अशा कारणांनी आपणास येणे जमले नाही, आणि ती सर्व कारणे मी विनातक्रार स्वीकारली. (पुतणीच्या लग्नाचे कारण आपण दोनदा दिलेत. दुसऱ्यांदाही मी अभिनंदन कळवले.) आता सौ. शालूबाईंच्या स्वप्नात अक्का विहिरीपाशी येऊन "माही गुंजी कोठी हाय वं?" असे विचारून गेली आणि त्याच आठवड्यात म्हशीने दूध आखडले, सबब आता विलंब नको, असे आपण लिहिता. मी नागपुरास बी. ए.ला तर्कशास्त्र घेतले होते. स्वप्न आणि म्हैस यांचा कार्यकारणभाव जोडण्यापूर्वी म्हशीपुढे सरकी किती पडते ते एकदा पाहावे, एवढेच नम्रपणे सुचवतो.

तथापि वचन ते वचन. जनावराचा ताबा देताना घेणाऱ्यास त्याचे गुणदोष सांगणे हे बैलबाजारातदेखील कर्तव्य समजतात. ते मी खाली बजावीत आहे. त्यातून अन्य काही अर्थ काढू नये.

गुंजी ही यॉर्कशायर टेरियर नावाच्या विलायती जातीची आहे. आपल्या अक्काला तपासणाऱ्या परदेशी डॉक्टरीणबाईंनी मायदेशी जाताना ते पिल्लू तिच्या ओटीत घातले. (शब्दशः ओटीत, नारळ आणि तांदळांसह. एवढी एक चाल त्या येथे येऊन शिकल्या होत्या.) सोबत संगोपनाविषयी इंग्रजीत टंकलिखित केलेला एक कागद दिला, तो आता मला मुखोद्गत आहे. गुंजीचे वजन नव्या मापाने तीन किलो, जुन्या मापाने सुमारे सव्वातीन शेर. तिची वाढ पूर्ण झालेली आहे. हे मुद्दाम नमूद करतो, कारण आमचे शेजारी हिंमतराव गेली पाच वर्षे ती मोठी होण्याची वाट पाहत आहेत. मोठी झाली की भुईमुगाच्या राखणीला न्यायची, असे त्यांनी सांगून ठेवले आहे. दर पोळ्याला येऊन ते तिला उचलून पाहतात आणि "अजून नाही वाढली का जी हे? पानी कमी पडून राह्यलं हिले," असे म्हणून निराश मनाने परत जातात.

स्वभावाविषयी. ही जात मुळात गिरण्यांतील उंदीर मारण्यासाठी तयार केली गेली आणि पुढे श्रीमंत स्त्रियांच्या मांडीवर जाऊन बसली. परिणामी तिच्यात गिरणीकामगाराचे धैर्य आणि जहागीरदारिणीचा मान हे दोन्ही एकत्र नांदतात. आपण किती लहान आहोत, ही माहिती तिला अद्याप कोणी दिलेली नाही. गेल्या आठवडी बाजारात ती एका बैलावर चालून गेली. बैल दोन पावले मागे सरला. त्या दिवसापासून त्या बैलाचा मालक माझ्याशी बोलत नाही, कारण सगळ्या बाजाराने ती दोन पावले पाहिली. आपल्या म्हशीचा विचार आपण करावा.

आहाराविषयी. हिचे पोट लहान, म्हणून दिवसातून चार वेळा थोडे थोडे द्यावे लागते. फार वेळ उपाशी राहिल्यास ती थरथरू लागते आणि पडते. कांदा तिला विषासमान आहे. (कांद्यावाचून आपल्या घरी काय शिजते, ते उलटटपाली कळवावे.) शिवाय ती एकटी जेवत नाही. कोणीतरी आपले ताट घेऊन शेजारी बसल्याखेरीज वाटीला तोंड लावीत नाही. त्यामुळे मलाही चार वेळा पानावर बसावे लागते. गेल्या वर्षी या सुमारास मी जेवणच सोडले होते, असे लोक सांगतात. ते या कुत्रीच्या हट्टापायी पुन्हा सुरू झाले आणि माझे कोट मला घट्ट होऊ लागले, हा दोष सर्वस्वी तिचा.

आता केसांविषयी, आणि येथे मला थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. गुंजीचे केस माणसाच्या केसांसारखे सरळ, रेशमी आणि वाढतेच असतात. नाकापासून शेपटीपर्यंत मधोमध भांग पाडून ते रोज विंचरावे लागतात, नपेक्षा दोन दिवसांत गुंता होतो. डोळ्यांवर येणारी झुलपे डोक्यावर रिबिनीने बांधावी लागतात, नपेक्षा ती तुळशीवृंदावनावर आपटते. हे काम अक्का करीत असे. तिच्या मागे ते माझ्याकडे आले. श्रावणात जुनी रिबीन विरली, म्हणून मी कलाबाईंच्या बांगड्यांच्या दुकानात गेलो आणि एक वार तांबडी रिबीन व बारीक दातांची एक फणी मागितली. "कोनासाठी जी?" असे त्यांनी विचारले. मी म्हणालो, "घरातील एका व्यक्तीसाठी." (कुत्रीसाठी म्हणून मोकळा झालो असतो, परंतु गुंजी माझ्या काखेत होती आणि तिच्यादेखत तो शब्द मला बरा वाटला नाही.) कलाबाईंना ती काखेतली पिशवी वाटली असावी. दिवेलागणीच्या आत साऱ्या अमडापुरास कळले, की वामनराव दुसरे लग्न करणार.

तिसऱ्या दिवशी बीबी गावाहून शेषराव आले. हे गृहस्थ लग्ने जुळवतात आणि न जुळणारीही जुळवतात. त्यांनी माझी समजूत घालण्यास आरंभ केला. "लाजू नका जी. रिबीन घेतली म्हंजे गोष्ट पक्कीच असन. पन मी आनलेलं स्थळ पाह्यल्याशिवाय हो म्हनू नका." त्या बाईंची शेती, स्वभाव आणि भाकरीची जाडी यांचे वर्णन त्यांनी अर्धा तास केले. मध्ये बोलणे असभ्यपणाचे, म्हणून मी ऐकून घेतले. अखेर आत जाऊन गुंजीस रिबिनीसह उचलून आणले आणि त्यांच्या पुढ्यात ठेवले. त्यांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिले. "हे हाय का ते?" एवढेच म्हणाले. मग चहा घेतला, टोपी सोडवून घेतली (तिचा एक कोपरा एव्हाना गुंजीच्या दातांत होता) आणि जाताना दारातून वळून म्हणाले, "मंग हिच्यासाठीच पाहू का एखांदं स्थळ?"

रंगराव, हे सर्व वडनेर भोलजीस पुन्हा घडू शकते, आणि तेथे तर सौ. शालूबाई हयात आहेत. आपण तांबडी रिबीन मागताना कोणास काय वाटेल, ते मी लिहीत नाही.

एक किरकोळ बाब राहिली. तिला थंडी सोसत नाही. अक्काच्या हिरव्या लुगड्याची घडी अंथरल्याशिवाय ती निजत नाही. त्यातले अर्धे मी सोबत देईन. अर्धे येथे लागते.

असो. गुणदोष सांगितले. घेणे न घेणे आपल्या विवेकावर. सौ. शालूबाईंस आशीर्वाद. म्हशीस योग्य ते कळवावे.

आपला,
वामनराव

ता. क. वरील मजकूर पुन्हा वाचता एक मुद्दा सुटल्याचे ध्यानी आले. कावळा भुकेमुळे उतरतो, वचनामुळे नव्हे. त्या दिवशी अकरा वाजून गेले होते. त्याच्या जेवणाची ती वेळच होती. तेव्हा तर्कदृष्ट्या आपले वचन निराधार ठरते आणि मी आपणास त्यातून मुक्त करतो. आपण श्राद्धाला यावे, जेवावे आणि रिकाम्या हातांनी परत जावे.

ता. क. दुसरा. हे पाकीट चिकटवून पुन्हा फोडले आहे. मी कावळ्याचे मानत नाही, पण अक्का मानीत असे, आणि जे झाले ते तिच्या समक्ष झाले असे धरून चालले पाहिजे. म्हणून माझी विनंती अशी. पंचमीला नदीकाठी घास ठेवल्यावर आपण हात जोडून मोठ्याने म्हणावे, "अक्का, गुंजी भाऊजीपाशीच राहीन वं." हे मी म्हणून भागणार नाही. गेल्या वर्षी सर्वांच्या आधी मीच बोललो होतो, आठवत असेल. "तुझ्या सर्व इच्छा यथाशक्ति पूर्ण करण्यात येतील," हे माझे वाक्य सर्वथा निर्दोष होते. कावळा बाभळीवरून हललासुद्धा नाही. आपण मात्र "अक्का, तुह्या गुंजीले मी पोसतो वं, नोको काळजी करू," म्हणालात आणि तो सरळ खाली आला. तिला आपली भाषा कळते. गेले नऊ दिवस मी रोज सकाळी भात आणि उडदाचा वडा घेऊन नदीवर जात आहे (केवळ निरीक्षणार्थ). कावळ्यांची ओळख झाली आहे, पण गुंजी त्यांना पंख असलेले उंदीर समजते आणि एकालाही टेकू देत नाही. घरी कोंडली तर घसा बसेपर्यंत भुंकते. तरी पंचमीस सौ. शालूबाईंना अवश्य आणावे, म्हणजे त्या वेळी तिच्याजवळ कोणीतरी ताट घेऊन बसेल.

ता. क. तिसरा. एवढे करूनही कावळा न आल्यास आपण गुंजीस खुशाल न्यावे. मी आडवा येणार नाही. मात्र आपल्या घराजवळ एका माणसापुरती खोली मिळेल काय, याची चौकशी आजच करून ठेवावी. दार दक्षिणेस असले तरी चालेल. आपल्या अंगणातले भुंकणे तेथवर ऐकू यावे, एवढेच पाहावे.