ड्रायव्हरांसाठी आरामाची सोय

७ नोव्हेंबर १९५५, कल्याण

ठाण्याच्या त्या कळकट कंपनीला आज कायमचा रामराम ठोकला. इतकी वर्षं लॉरीखाली गोणपाट अंथरून झोपलो. मालक म्हणायचा, ड्रायव्हरला घर कशाला हवं, त्याला स्टिअरिंग आहे की! असल्या माणसाशी वाद तरी काय घालायचा? नवी नोकरी बघताना मी पहिलं काय विचारलं असेल, तर झोपायची सोय काय. बाकीच्या ड्रायव्हरांना एवढीही अक्कल नसते. गाडीचा रंग नवा दिसला की भुलतात आणि पाठ मोडून घेतात.

भाऊशेठांची कंपनी भिवंडी रस्त्याला आहे. माल नाशिक-धुळ्याला जातो. वखारीमागे बैठी चाळ, दर ड्रायव्हरला वेगळी खोली, लोखंडी खाट, कापसाची गादी, धुतलेली चादर. आंघोळीला बंबाचं कढत पाणी! स्वयंपाक गोदूबाईंकडे. कोकणातल्या, मऊ बोलणाऱ्या. मला चक्क श्रीपादराव म्हणाल्या. या धंद्यात हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

शेठांची अट एकच. फेरी संपली की खोलीतच झोपायचं, गाडीत नाही. आता याला अट म्हणायचं का?

११ नोव्हेंबर

झोप अशी लागते की जणू कोणी विहिरीत सोडलंय. गादी बाकी अव्वल.

शेजारी मात्र दरिद्री. पलीकडच्या खोलीतला गुणाजी केव्हाही बघावं तर तोंड उघडं टाकून पडलेला. अजगर बरा. आणि काळुराम नावाचा एक आगरी ड्रायव्हर आहे, तो खोलीत पाऊलच टाकत नाही. शेठ ओरडले तरी गाडीतच निजतो. अंगाला ऑइलचा वास, दाढी वाढलेली. आज मला बाजूला घेऊन म्हणाला, "त्या गादीवर नको निजू रं. माजे गारीन ये."

याच्या गाडीत निजायचं? मी नाकाला रुमाल लावला. काही लोकांना सुख दाखवलं तरी दिसत नाही.

१९ नोव्हेंबर

आज एक चमत्कारिक प्रकार घडला. सकाळी निघालो तेव्हा गुणाजी खाटेवर होता. गोदूबाई त्याच्यावर चादर घालत होत्या, हे मी स्वतः पाहिलं. दुपारी कसारा घाट चढताना समोरून त्याची लॉरी उतरत आली. चालवत होता गुणाजीच! मी हॉर्न दिला. त्याने मान वळवली नाही. पापणीही लवली नाही.

परत येऊन बघतो तर गुणाजी त्याच कुशीवर. गोदूबाईंना विचारलं. म्हणाल्या, ते कुठे जाणार, दमलेत बिचारे.

उन्हात डोळे फसले असतील. गुणाजीसारखी मठ्ठ तोंडं या रस्त्याला काय कमी आहेत?

२४ नोव्हेंबर

काल जेवून आडवा झालो तो आज दुपारी उठलो. ऑफिसात गेलो तर आनंद कारकुनाने शाबासकी दिली. इगतपुरीचा माल वेळेत पोचवलात म्हणे. मी गेलोच नव्हतो! कॉलेजची पायरी चढलेले हे कारकून असे. दुसऱ्याची फेरी माझ्या नावावर मांडली. मीही गप्प बसून शाबासकी घेतली.

बाहेर येऊन सहज लॉरीच्या बॉनेटवर हात ठेवला. चटका बसला.

३० नोव्हेंबर

खडवलीला घरी आलोय. बायको, कलावती, दारातच उसळली.

"परवा आलात ते ओट्यावर बसून राहिलात. पुढ्यात चहा निवला. एक शब्द नाही तोंडातून. मी हात धरला तर भिंतीसारखा गार!"

परवा मी खोलीत झोपलेलो. तिला म्हटलं, शेजारणींच्या नादाने तुला काहीतरी दिसायला लागलंय. मूर्ख म्हणालो. ती भांडली नाही. जेवताना मात्र समोर बसून राहिली. माझ्या तोंडाकडे बघत. मी खरंच चावतोय का, ते बघत.

२ डिसेंबर

काळुरामला गाठलं. गुणाजी त्याचा मेहुणा, हे आज कळलं.

त्याने सांगितलं ते असं. आपण गादीवर झोपतो आणि आपल्यातून एक उठून गाडी नेतो. त्याला भूक नाही, झोप नाही, तक्रार नाही. आपण जितकं झोपू तितका तो घट्ट होतो. एक दिवस खाटेवरच्याला जागच येत नाही. "शेठला तोच डायवर पायजे," काळुराम म्हणाला. "तू न् मी नाय."

अडाणी भाकडकथा. तरी गुणाजीच्या खोलीत गेलो. हलवलं. थोबाडीत दिली. श्वास चालू, गाल खोल गेलेले. दिवाळीपासून उठलेला नाही. गोदूबाई त्याला चमच्याने पेज पाजत होत्या —

३ डिसेंबर

कालची रात्र काळुरामच्या गाडीत काढली. वासाचं काही वाटलं नाही. डोळा मिटू दिला नाही त्याने, मीही मिटला नाही.

उद्या दुपारी फेरीच्या नावाने त्याच्याबरोबर निघायचं, दोघांनी आपापल्या गाडीतून. आधी खडवली, मग मिळेल तिथे. तो म्हणतो, ट्रंक राहू दे. चार भिंती आणि एका स्वयंपाकिणीला भिऊन मी माझी ट्रंक सोडू? मी?

४ डिसेंबर

खोलीत — तो होता. खाटेवर. मी. बूट घालत होता.

कोण रे तू, विचारलं. उठला, माझ्या खिशातून किल्ली काढली. हात गार. माझा हात उचललाच गेला नाही —

गेला.

गोदूबाई ताट घेऊन आल्या. "बसा हो श्रीपादराव. किती दमलात."

बसलो नाही. कडेला नुसता टेकलोय. लिहितोय म्हणजे जागा आहे — लिहीत राहायचं —

लॉरी सुरू झाली. गिअर काय अलगद टाकला हरामखोराने — माझ्याहून चांगला —

काळुराम बाहेर हाका मारतोय. श्रीपाद, चल रं, चल! — त्याला मारतोय. त्याला मी समजून. अरे गाढवा, तो नव्हे, मी इकडे —

आवाज फुटत नाही.

दोन्ही गाड्या निघाल्या. खडवलीकडे — कलावती, दार नको उघ

गोदूबाई बूट काढतायत. उठतोच आता. जरा पाठ टेक —