मोटार ढकलण्याचा मान

मु. भुकूम, चैत्र वद्य षष्ठी, शके १८४८

तीर्थस्वरूप दाजींच्या पायांशी,

धाकटा मेहुणा हैबतराव याचा कोपरापासून नमस्कार. (मनगट मुरगळले असल्याने तो खरोखरच कोपरापासून आहे, कारण पुढे येईल.) इकडे सर्व खुशाल. अक्काचा गुडघा कसा आहे? आणि मुख्य म्हणजे तुमची पाठ कशी आहे? माघात धरली होती, ती सुटली का, हे अगदी खरे खरे कळवावे. आमच्या सगुणेच्या लग्नाला सोळा दिवस उरले. मांडवाचे बांबू आले, गहू निवडून झाले, आणि तुम्ही पुण्याच्या कारखान्यातून पाठवलेला मॅग्नेटो व नवा कार्बोरेटरही पोचला. लग्नात मोटार ऐन वेळी रुसू नये म्हणून तुम्ही एवढी काळजी घेतलीत. ती काळजी मला फार महागात पडली.

तुम्ही लिहिले होते की अर्ध्या दिवसाचे काम. दाजी, अर्धा दिवस माझा जुना कार्बोरेटर हातात धरून त्याच्याकडे बघण्यातच गेला. माझ्या गोऱ्या साहेबाने विलायतेला जाताना ही मोटार मला विकली, तेव्हापासून आठ वर्षे या कार्बोरेटरला बोटाने गुदगुल्या केल्याशिवाय पेट्रोल उतरत नसे, आणि एकदा उतरले की थांबत नसे. तरी तो काढताना वाईटच वाटले. ठिणगी पाडणारी जुनी लाकडी पेटी काढली, ती सौभाग्यवती रत्नाबाईंनी त्याच दुपारी मिसरी ठेवायला घेतली, म्हणजे परतीची वाट बंद. मग तिच्या जागी ठिणगी पाडायला मॅग्नेटो बसवला आणि चार तारा चार जागी लावल्या. कोणती तार कुठे हे तुमच्या पत्रात होते, पण नेमक्या त्या ओळीवर माझ्या हातचे ग्रीस पडले होते. हँडल मारले तशी तोफेसारखी फट् झाली, हँडलने उलटी लाथ घातली (हे ते मनगट), आणि म्हसू धनगराची शेरडे उधळली ती म्हणे भरे गावाशी सापडली. तिसऱ्या दिवशी तारा जुळल्या. चौथ्या दिवशी सकाळी डाव्या हाताने हँडल अर्धे फिरवले, आणि गाडी सुरू! ठिणगी अशी की काय सांगू. आनंदाने मी मडगार्डाचा मुका घेतला. (मडगार्ड तापलेला नव्हता, हे नशीब.)

आता घात कुठे झाला ते ऐका. आमची मोटार आजवर कधीच आपणहून सुरू झाली नाही, गावाने ढकलली तेव्हाच झाली. आणि गाव म्हटले की मानपान आलाच. उजवा मडगार्ड गेणबाचा, कारण पहिल्या दिवशी पहिला हात त्याचा लागला. डावा भिवाजीचा. मागची बाजू म्हसूच्या भावकीची. गाडी सुरू झाली की सगळे आत चढायचे, वेशीपर्यंत जायचे आणि हसत चालत परत यायचे. त्या सकाळी गेणबा नेहमीसारखा हाताला थुंकी लावून मडगार्डापाशी येतो आहे, तोच मी भुर्रकन् पुढे गेलो. मला वाटले तो कौतुकाने बघतो आहे. मी हातसुद्धा हलवला!

दुसऱ्या दिवशी लग्नाचे आवतण द्यायला गेलो, तर गेणबा पारावर माझ्याकडे पाठ करून बसला. म्हणाला, “मोटार एकल्यानं चालतीया न्हवं? मग लगीन बी एकल्यानंच करा की.” भिवाजीची पाठ दुखत होती. म्हसूला शेरडे राखायची होती. दाजी, पोरीचे लग्न आणि मांडवात गाव नाही, तर मी व्याह्यांना तोंड कसे दाखवू? दोन दिवस घास उतरला नाही. सगुणा एकटीच गाडी पुसत बसली, ते बघवेना.

शेवटी मला युक्ती सुचली. (रत्नाबाईंना सुचली, पण हे तुमच्या-माझ्यात.) काल सकाळी मी ठिणगी चालू-बंद करायचे बटन बंद ठेवले आणि हँडल मारत सुटलो. घाम गाळला, कपाळावर हात मारला, गाडीला शिव्या दिल्या. पारावरून गेणबाने बराच वेळ ऐकले. मग कुरकुरत उठला, “सरका, तुमच्यानं न्हाई व्हायचं,” आणि उजवा मडगार्ड धरला. लगेच भिवाजी आला, म्हसूची भावकी आली, चढावर गाडी नेली, वर मी गुपचूप बटन दाबले, आणि धडाड्! अकरा माणसे आत बसली, बारावे म्हसूचे करडू. वेशीशी उतरताना गेणबा म्हणाला, “सगुणीच्या वरातीला कोण हात लावतंय ते बघतोच मी, मान आमचा हाय.” सांगायला लाज वाटते, पण माझे डोळे भरून आले.

अक्काला नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
हैबतराव

ता. क. बटन पुढच्या फळीवर आहे आणि पितळेचे आहे. लग्नात चारचौघांना दिसेल. तरी सीटखाली दडेल असे एखादे लगेच पाठवावे. अक्काला सांगू नये. तिला कळले की शेजारच्या भुगावपर्यंत कळते.

पुन्हा ता. क. हा मॅग्नेटो कोणी पाठवला, याची गावाने चौकशी केली. मी नाव सांगितले. तेव्हा मागच्या डाव्या चाकाचा मान तुम्हाला द्यायचे ठरले आहे. घरचे जावई म्हणून मी नको म्हटले, पण फार नाही. तिथे चिखल उडतो, म्हणून जुने धोतर आणावे.

आणखी ता. क. पाकीट डकवत होतो तोच गेणबा आला. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, “हैबतराव, वरातीत ते बटन चढावर दाबू नगा. मारुतीच्या म्होरं दाबा. तितं व्याही उभं असत्याल, आमी ढकलताना त्यास्नी दिसाय नगं व्हय?” तेव्हा बटन पाठवू नये. धोतर मात्र आणावे.